विंधन विहिरीचे पैसे फुटावर का?

उन्हाळा तोंडावर आला की गावोगाव विंधन यंत्रांच्या गाड्या फिरू लागतात. पाणी लागो वा न लागो, खोदाईचे पैसे फुटाप्रमाणे मोजावे लागतात आणि काही रक्कम गाडी उभी करण्यापूर्वीच द्यावी लागते. जमीन वाट्याने कसता येते, मळणी यंत्रवाला पोत्यावर पैसे घेतो. मग बोअरवाल्याने पाणी लागल्यावर उत्पन्नात वाटा का घेऊ नये, असे शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मळणीत धान्य डोळ्यांदेखत मोजले जाते व व्यवहार त्याच दिवशी संपतो. बोअरचे तसे नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी उसळले की 'दोन इंची लागले' असे म्हणतात, पण ते मे महिन्यात किती उरेल हे त्या दिवशी सांगता येत नाही. पुढचे उत्पन्न पीक, मशागत, वीज आणि बाजारभाव यांवर ठरते. तोवर गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. हिशेब कोणी ठेवायचा आणि कोणी तपासायचा? खाली गेलेले रॉड मात्र दोघांनाही मोजता येतात.

यंत्रमालकाचे डिझेल, मजुरी आणि बिटची झीज कोरड्या बोअरलाही तेवढीच लागते. शिवाय जागा तो निवडत नाही, आपण निवडतो. समजा, एका बोअरचा खर्च ६०,००० रुपये आहे आणि दहापैकी चार कोरडे गेले. 'पाणी लागले तरच पैसे' म्हटले तर दहांचे ६ लाख रुपये सहा जणांकडून काढावे लागतील, म्हणजे प्रत्येकी १ लाख. आणि जेथे पाण्याचा भरवसा कमी, त्या कोरडवाहू गावात गाडी येणारच नाही.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती शेतकऱ्याला महागात पडते. जितके फूट जास्त, तितकी यंत्रमालकाची कमाई जास्त. 'आणखी पन्नास फूट जाऊ' हा सल्ला फुकट नसतो. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. खाली अखंड कठीण खडक लागत गेला की पाण्याची शक्यता सहसा कमी होत जाते, बिल मात्र वाढत जाते. रात्री दोन वाजता, यंत्र चालू असताना, थांबायचा निर्णय घेणे कोणालाही जड जाते. म्हणून किती फुटांवर थांबायचे ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जाणकार भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने आधीच ठरवावे. पाणाड्यानेही नारळ आणि दक्षिणा आधीच घेतलेली असते, हे विसरू नये.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. यंत्राची नोंदणी आहे का, हेही विचारावे.

दर कागदावर लिहून घ्यावा. किती फुटांनंतर दर वाढतो, केसिंग पाइपचे पैसे वेगळे आहेत का, कठीण खडकात बिट अडकल्यास नुकसान कोणाचे, हे गाडी उभी करण्यापूर्वी बोलून घ्यावे. बोअर झाल्यावर रॉड वर येताना घरच्या माणसाने स्वतः मोजावेत आणि मगच उरलेली रक्कम द्यावी.