शर्यत आणि स्पार्क प्लग

भारत व इंग्लंड यांमधील अंतर विमानाने एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली जे. आर. डी. टाटा कराचीहून, तर तरुण अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पींचे विमान अडकले होते.

प्लगच्या टोकांमधील फटीत हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाने ठिणगी पडते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. परंतु विद्युतरोधकावर काजळी साचली, तर वीज फट न ओलांडता काजळीतूनच निसटते. मग ठिणगी कुठली?

टाटांनी आपले जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले! १९६० मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

विद्यार्थी मित्रहो, गॅरेजमधला एखादा जुना प्लग निरखून पाहा. काजळी कुठे साचली आहे?