नऊपैकी पाच

डिसेंबर 2008. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळात नऊ जण, त्यातले पाच स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेले. अध्यक्ष कार्यकारी असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र हवेत, हा नियम पाळून वर अर्धी खुर्ची शिल्लकच. माणसेही थोर: माजी कॅबिनेट सचिव, आयआयटीचे माजी संचालक, नामांकित बिझनेस स्कूलचे डीन. अशा या मंडळाने 16 डिसेंबरला अध्यक्षांच्या घरच्याच ‘मायटास’ नावाच्या दोन कंपन्या 1.6 अब्ज डॉलरना घ्यायला होकार दिला. (‘सत्यम’ची रोमन अक्षरे उलटी वाचा, ‘मायटास’ होते!) भागधारक खवळले आणि काही तासांत बेत गुंडाळावा लागला. 7 जानेवारीला अध्यक्ष रामलिंग राजूंचे कबुलीपत्र आले. ताळेबंदात रोकड व बँकशिल्लक 5,361 कोटी रुपये. त्यातले 5,040 कोटी नव्हतेच. शंभरातले चौऱ्याण्णव रुपये हवेत.

त्यानंतर कायदा कडक झाला. स्वतंत्र संचालकाला सलग दोनच कार्यकाळ, प्रत्येकी जास्तीत जास्त 5 वर्षांचे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्यात पहिल्या 2,000 मध्ये असलेल्या कंपन्यांत किमान 6 संचालक, पहिल्या 1,000 मध्ये किमान एक स्वतंत्र महिला संचालक. लेखापरीक्षण समितीत दोनतृतीयांश सदस्य स्वतंत्र, आणि निदान एकाला हिशेबाचे पक्के ज्ञान.

माझ्या मते या सगळ्यात शेवटची अट सर्वांत मोलाची आणि वेळेची बाजू सर्वांत लंगडी. एका व्यक्तीला 7 सूचीबद्ध कंपन्यांच्या मंडळांवर बसता येते. मंडळाच्या वर्षाला किमान 4 बैठका, म्हणजे 28. सातही ठिकाणी लेखापरीक्षण समितीवर असेल तर आणखी 28. एकूण 56, आठवड्याला एकीहून जास्त, आणि प्रत्येकीआधी कागदांचा गठ्ठा. तो वाचायचा कधी? गठ्ठा बांधते व्यवस्थापन. त्यात काय नाही, हे ओळखायला फुरसत लागते.

हिशेबाच्या जाणकाराचे मोल सत्यममध्येच दिसले होते. कबुलीनंतर तिथे सरकारने जुने मंडळ हटवून आधी तिघांना, मग आणखी तिघांना नेमले. त्या सहांत टी. एन. मनोहरन होते, सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेचे माजी अध्यक्ष. एप्रिल 2009 मध्ये या सहा जणांनी लिलाव करून कंपनी टेक महिंद्राच्या हाती सोपवली.