समोरच्याच्या गाडीला विमाच नाही, मग आपलं काय?

आजचा विषय तळोद्याच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. तो विचारतो, "दादा, अमेरिकेत म्हणे 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर' असतं. ठोकणाऱ्याकडे विमा नसला तर आपलीच कंपनी आपल्याला भरपाई देते. आपल्याकडे मिळतं का? आणि पैसे भरण्याइतकं कामाचं आहे का? माझी बाईक सहा वर्षं जुनी आहे, वडिलांच्या नावावर."

त्या नावाचं कव्हर आपल्याकडे नाही. गरज मात्र आहे. विसरवाडी-नवापूर हायवेवर सुरतकडे धावणारे ट्रक, शहादा-तळोदा रोडवर ऊस हंगामात अंधारात चालणाऱ्या ट्रॉल्या, धडगावच्या घाटात ट्रिपल सीट बाईक. या सगळ्यांचा विमा चालू असेल, अशी पैज मी तरी लावणार नाही.

कायद्याने थर्ड पार्टी विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 4000, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण त्याला दंड झाला म्हणून तुमच्या घरात काही येत नाही. त्याच्याकडे विमा असता तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाने ठरवलेली भरपाई त्याच्या विमा कंपनीने दिली असती. विमा नाही म्हणजे ती जबाबदारी थेट गाडीमालकावर. प्राधिकरण कलेक्टरमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही करू शकतं. पण वसूल करायला मालकाकडे काहीतरी असायला हवं ना! जुनी बाईक आणि मजुरी एवढ्यावर घर चालत असेल, तर दहा लाखांचा निकाल कागदावरच राहतो.

सरकारकडून थोडा आधार आहे. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार अशी योजना लागू आहे. पण घरातला कमावता माणूस गेला, तर हे पैसे किती दिवस पुरणार?

आता आपल्या स्वतःच्या पॉलिसीकडे या. हा भाग नीट ऐका, कारण गोंधळ इथेच होतो. थर्ड पार्टी विमा हा दुसऱ्यासाठी असतो. तुम्ही कोणाला ठोकलंत तर त्याला भरपाई. तुमच्या हाडांसाठी त्यात एक रुपया नाही. तुमच्यासाठी जो भाग असतो त्याला ओनर-ड्रायव्हरचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर म्हणतात, 15 लाखांचं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. चूक कोणाची, समोरच्याकडे विमा होता की नव्हता, हे कंपनी विचारत नाही. आपल्याकडे अनइन्शुअर्ड कव्हरच्या सर्वात जवळ जाणारी वस्तू हीच. साधं फ्रॅक्चर, प्लास्टर, औषधं मात्र यात बसत नाहीत, त्यासाठी आरोग्य विमा वेगळा.

याचा दर 2018 मध्ये वर्षाला 750 रुपये ठरवला होता. 2019 पासून कंपन्या आपापला दर लावतात आणि बाईकसाठी तो बऱ्याच ठिकाणी याहून बराच कमी पडतो. 15 लाखांसाठी एवढं भरणं मला महाग वाटत नाही.

पण दोन ठिकाणी माणूस फसतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या बाईकबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. आपण समजतो, पाच वर्षं निवांत. प्रत्यक्षात त्याच पॉलिसीतलं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर आणि गाडीच्या नुकसानीचं कव्हर बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. मोबाईलमधली पीडीएफ उघडा, तीन तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या दिसतील.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती आपल्या जिल्ह्यात घराघरात लागू आहे. या कव्हरची अट अशी की गाडी चालवणारा हाच आरसीवरचा मालक हवा, पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि लायसन्स वैध हवं. बाईक बाबांच्या नावावर, चालवतो मुलगा. हप्ता दरवर्षी भरलाय, तरी मुलाचं काही झालं तर अट आडवी येते, मग बसा कोर्टात भांडत. मागे बसणाऱ्याचंही असंच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये सांगितलंय. आईला मागे बसवून नंदुरबारच्या दवाखान्यात नेत असाल, तर पिलियनचं कव्हर वेगळं मागून घ्या.

म्हणून तळोद्याच्या भावाला माझं उत्तर असं. बाईकचा थर्ड पार्टी विमा वडिलांच्या नावाने चालू ठेव, तो टाळताच येत नाही. 75 ते 150 सीसीला 714 रुपये अधिक जीएसटी, हा 2022 मध्ये ठरलेला दर. सहा वर्षं जुन्या बाईकला नुकसानीचं कव्हर मी घेणार नाही, तिची विमा किंमतच किती उरलीय? कार असती तर घेतलं असतं, कारण विमा नसलेल्याने कार ठोकली तर दुरुस्तीचे पैसे त्यातूनच मिळतात. आणि तुझ्या स्वतःच्या नावावर वेगळी पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी काढ. ती बाईकला नाही, माणसाला चिकटलेली असते. मित्राची गाडी असो, काळी-पिवळी असो की पायी रस्ता ओलांडणं असो, चालते. 'सरल सुरक्षा बिमा' या नावाने सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींची पॉलिसी मिळते, अडीच लाखांपासून पुढे. पुढे स्वतःच्या नावावर गाडी घेशील तेव्हा 15 लाखांची अशी पॉलिसी हातात असली, तर गाडीबरोबरचं ते कव्हर पुन्हा घ्यायची सक्ती नाही.

तेही आज जमत नसेल तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेचा फॉर्म भर. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा भर. पैसे मेअखेरीस खात्यातून आपोआप कटतात, तेव्हा खात्यात 20 रुपये शिल्लक आहेत ना, तेवढं बघ.