झिजलेलं की नीट न उमटलेलं? जुन्या चांदीच्या डॉलरची पारख

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी चारदा जे "म्हणजे बघा" म्हणतो ते थोडं गाळलंय, पण सगळं नाही.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून. ऑनसाइट प्रोजेक्टवर न्यू जर्सीत होतो तेव्हा एका गराज सेलमध्ये ४० डॉलरला चांदीचा जुना डॉलर घेतला होता. साल १८९२, टांकसाळ न्यू ऑर्लिन्स. भारतात परतताना सामान कमी करायचं म्हणून शनिवारच्या एका नाणे प्रदर्शनात तो ४५ ला विकला. बाईच्या कानावरचे केस सपाट, मागच्या गरुडाची छाती सपाट. म्हटलं, झिजलेलं नाणं आहे, पाच डॉलर सुटले तेच खूप. वीस मिनिटांनी चक्कर मारून परत आलो तर तेच नाणं काचेच्या पेटीत, 'न वापरलेलं' या खणात, किंमत जवळपास सहापट. त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. त्याला बघता येत होतं, मला येत नव्हतं, एवढाच फरक.

तर आज तेच शिकूया.

या नाण्याला मॉर्गन डॉलर म्हणतात, कारण त्याचं डिझाइन जॉर्ज मॉर्गन यांचं. १८७८ ते १९०४ आणि मग पुन्हा १९२१ मध्ये ही नाणी पाडली गेली. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. छाप्याच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, काट्याच्या बाजूला गरुड. गरुडाच्या खाली जी पानांची माळ आहे, तिच्याखाली बारीक अक्षर असतं, ते टांकसाळीचं. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी. अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया.

आता ठसा म्हणजे काय? चांदीची कोरी चकती दोन डायच्या मध्ये ठेवून जोरात दाबतात. धातू डायच्या खोलगट भागात शिरतो आणि चित्र उमटतं. मॉर्गन डॉलरमध्ये गंमत अशी, की कानावरचे केस आणि गरुडाची छाती हे दोन्ही खोल भाग नाण्याच्या मध्यावर, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. दोन्हीकडे पुरेल एवढा धातू सरकायला दाब भरपूर लागतो. डाय लवकर फुटू नयेत म्हणून त्यांच्यात थोडं जास्त अंतर ठेवलं की दाब कमी पडतो आणि नेमका मधला भाग अर्धवट राहतो. न्यू ऑर्लिन्सची बरीच नाणी यासाठीच बदनाम आहेत, आणि १८९२ चं तर फारच. उलट सॅन फ्रान्सिस्कोची १८७८ ते १८८२ ची नाणी बघा, केसांची बट न् बट दिसते.

माझ्या भाषेत सांगायचं तर कमजोर ठसा हा फॅक्टरीतून आलेला बग आहे. झीज ही वापराने होते. दिसायला दोन्ही सपाट. मग ओळखायचं कसं?

पहिलं, एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करून फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ती सपाट भागावरूनही न तुटता गेली, तर ठसा कमजोर. तिथे करडा, मेलेला डाग दिसला, तर झीज.

दुसरं, बाकीचे उंच भाग बघा. झीज पक्षपात करत नाही. गाल, कपाळावरचे केस, गरुडाच्या पंखांचे वरचे भाग, सगळीकडे लागते. फक्त मधलाच भाग सपाट आणि गाल मात्र ताजा, तर बोट टांकसाळीकडे दाखवा.

तिसरं, भिंगातून पाहा. दाब न पोचलेल्या जागी कोऱ्या चकतीचे बारीक खड्डे आणि ओरखडे तसेच राहतात. झिजलेली जागा गुळगुळीत होते.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोवर जाऊ नका. विकणाऱ्याला एकाच दिव्याखाली नाणं फिरवतानाचा व्हिडिओ मागा. चकाकी फोटोत लपते, व्हिडिओत नाही लपत.

आता दुर्मीळपणा. इथे सगळे एकच चूक करतात. किती नाणी पाडली तो आकडा बघतात आणि निकाल लावतात. १८८४ घ्या. कार्सन सिटीत ११ लाख ३६ हजार पाडली, सॅन फ्रान्सिस्कोत ३२ लाख. मग कार्सन सिटीचं दुर्मीळ ना? न वापरलेल्या स्थितीत बरोबर उलटं आहे! कार्सन सिटीची साडेनऊ लाखांहून जास्त नाणी सरकारी तिजोरीत पिशव्यांमध्येच पडून होती, ती सरकारने १९७० च्या दशकात विकली. सॅन फ्रान्सिस्कोची मात्र लोकांच्या हातात गेली आणि झिजली. झिजलेलं १८८४ 'एस' सहज मिळतं, कोरं मिळणं महाकठीण.

दुसरी गोष्ट न्यू ऑर्लिन्सच्या १९०३ ची. कोऱ्या नाण्याचा भाव पुस्तकात दीड हजार डॉलर होता. १९६२ च्या शेवटी तिजोरीतून त्याच्या पिशव्या बाहेर निघाल्या, एकेका पिशवीत हजार नाणी. भाव थेट तीस डॉलरच्या आसपास! नाणं तेच, ठसा तोच, फक्त किती शिल्लक आहेत ते कळलं.

आणि यात आपलाही एक धागा आहे बरं का. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडे चांदी पुरेना. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती इथल्या रुपयांसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये झाले. आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया असेल, तर त्यात एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असू शकतो. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

तेव्हा नाणं हातात आलं की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. नीट उमटलंय का? वापरलं गेलंय का? आणि या स्थितीतली किती उरलीत? एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की माझ्यासारखं ४५ डॉलरवर समाधान मानावं लागतं.

शेवटचं, हात जोडून सांगतो. घरात जुनं चांदीचं नाणं सापडलं तर चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीही लावून घासू नका. चकाकी एकदा गेली की कोणत्याही बॅकअपमधून परत येत नाही. नाणं फक्त कडेला धरा, दिव्याखाली फिरवा आणि बघा.

भेटू पुढच्या भागात!