जुनी कंट्रोल कार्डं सांभाळताय? मग ही चिप ओळखून ठेवा

वाळूज-चिकलठाण्यात जुन्या मशिनांची कार्डं दुरुस्त करणाऱ्यांनी हे वाचाच. झायलिंक्सची 'एक्ससी९५७२एक्सएल' ही सीपीएलडी (प्रोग्राम करता येणारी लॉजिक चिप) आता बंद झाली. झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीकडे गेली आणि २०२४ मध्ये एएमडीने ही मालिका थांबवत असल्याचं जाहीर केलं.

मॅक्रोसेल फक्त ७२, पण चिप फार गुणी! चालते ३.३ व्होल्टवर, तरी ५ व्होल्टचे सिग्नल थेट झेलते. ८०५१च्या जुन्या बोर्डाला नवी मेमरी जोडायला माझ्या मते हिला तोड नाही. प्रोग्राम आतल्या फ्लॅशमध्येच राहतो. वीज आली की काम सुरू.

झायलिंक्सच्या व्हिवाडो सॉफ्टवेअरमध्ये ही चालत नाही, त्यांचं जुनं आयएसई १४.७ लागतं. कार्ड जळण्याआधीच सोर्स आणि जेईडी फाइल शोधून जपा. सिक्युरिटी बिट लावलेला असेल, तर चिपमधून प्रोग्राम परत वाचता येत नाही.