गाडी थांबवता तरी येते!

विमानात पाऊल ठेवायचे नाही असे आमच्या आईने ठरवले ते २०२५ च्या जूनमध्ये. १२ तारखेला अहमदाबादेस विमान कोसळले. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. ती आग पुढे आठ दिवस टीव्हीवर आमच्या दिवाणखान्यात जळत होती. श्रावणात नागपूरला नातीचा साखरपुडा. मी तिकिटांचे काढताच आई म्हणाली, "गाडीनं जाऊ रे. गाडी थांबवता तरी येते!"

वाचकहो, पंडितांनी ग्रंथ लिहिले तेही याहून फार वेगळे सांगत नाहीत. जे आपल्या हाती नाही आणि एकदम अनेकांना नेते, त्याचे भय मोठे, असे पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवले. ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ मध्ये मांडले, की जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे माणूस धरून चालतो. रस्त्यावरचे मरण बिचारे सुटे सुटे येते. आतल्या पानावर चार ओळी, तेवढ्यावर बोळवण. एकट्या २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे तसली जवळजवळ दोन विमाने रोज कोसळावीत, इतकी!

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पुष्कळांनी विमान सोडून मोटार धरली. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की पुढच्या बारा महिन्यांत त्यापायी सुमारे दीड हजार माणसे रस्त्यांवर जास्तीची दगावली. त्या चार विमानांतल्या प्रवाशांच्या कितीतरी पट!

हे सारे मी घरी वर्गात शिकवावे तसे सांगितले. आईने शांतपणे ऐकले आणि चिवड्याचा डबा पिशवीत भरला. सौभाग्यवतींनी पक्ष बदलला. झाले!

भाड्याची गाडी करून रात्रीच निघालो. जालना मागे पडले तेव्हा मी घोरत होतो, हे कबूल केलेले बरे. जाग आली ती धक्क्याने. डावे चाक रस्त्याच्या कडेवरून खडखडत होते, आणि आई ड्रायव्हरचा खांदा हलवत होती. "अरे बाळा, झोपलास का?"

पोर विशीतले. सलग दुसरी रात्र जागत होते. दिसला तो ढाबा पाहून उतरलो. माझे हात चहाचा पेला धरवेना इतके कापत होते. आईने त्याला आधी चिवडा खायला लावला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं? थांबवता आली ना गाडी?"