सायरन कोणाचा, रस्ता कोणाचा?

लाल दिव्याचा माज आपण सर्वांनी पाहिला आहे. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील तो दिवा काढला. आता लाल-निळा-पांढरा दिवा अग्निशमन, पोलीस, लष्कर, आपत्ती व्यवस्थापन यांच्या गाड्यांना, तोही कामगिरीवर असतानाच. वेगवेगळ्या सुरांचा सायरनही अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस अशा मोजक्याच गाड्यांना. तरीही गल्लीतल्या नेत्याच्या गाडीवर हूटर वाजतोच! तो बेकायदा आहे, हे तरुणांनी त्याला खुशाल सांगावे.

२०१७ च्या वाहनचालक नियमावलीत अग्रक्रम असा: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. आगीच्या कॉलवर निघालेला बंब गरज पडल्यास सिग्नल तोडू शकतो, वेगमर्यादा ओलांडू शकतो. मात्र पुरेशी काळजी घेऊनच. सायरन वाजवला म्हणजे चालकाची जबाबदारी संपली, असे नाही.

आपली बाजू मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई मध्ये आहे. बंब आल्यावर गाडी बाजूला न घेणाऱ्या चालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजेचा ट्रकही याला अपवाद नाही. आवाज इतका की मागचा सायरन चालकाला ऐकूच येत नाही, आणि पुढच्या वस्तीत मात्र झोपड्या पेटलेल्या असू शकतात. म्हणून आमचे मंडळांना सांगणे आहे: ट्रकच्या मागे दोन कार्यकर्ते ठेवा, दिवा दिसताच त्यांनी आधी डीजे बंद करायला लावावा, मग ट्रक डावीकडे घ्यावा.